महोत्सव संपल्यावर त्या कलाकृतींचे काय होते?

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत एका ठरावीक प्रकारची छायाचित्रे नेमाने दिसू लागतात. प्लास्टिकच्या बाटल्यांचा देवमासा, सायकलच्या साखळ्यांचा मोर, निकामी कीबोर्डच्या बटणांनी मढवलेले कासव, आणि शेजारी हात मागे बांधून किंचित अवघडून उभा राहिलेला विशी-बाविशीचा मुलगा किंवा मुलगी. खालची ओळही ठरलेली असते : ‘टाकाऊतून टिकाऊ’. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षे चित्रकला शिकवून मी निवृत्त झालो आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवलेल्या मुलांपैकी काही जण पुढे जी. डी. आर्ट या कलेच्या पदविकेपर्यंत पोहोचले आणि त्यांतले दोघे-तिघे आज हेच काम करतात, त्यामुळे ही छायाचित्रे मी कौतुकानेच पाहतो. तरीही त्या ओळीतला ‘टिकाऊ’ हा शब्द मला दर वेळी खटकतो, आणि तो का खटकतो हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझी हरकत नाही, फक्त सुगरणीच्या खोप्याचा भाग तेवढा ठेवावा.

या तरुण कलाकारांविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. मांडणशिल्प, म्हणजे वस्तू मांडून-जोडून उभी केलेली कलाकृती, हा शब्द आमच्या विद्यार्थिदशेत वर्गात उच्चारलाही जात नसे. शिल्प म्हणजे शाडू, प्लास्टर, फार तर ब्राँझ. आणि ज्याच्या घरची परिस्थिती ब्राँझ ओतण्याची नाही त्याने मुकाट्याने कुठेतरी मास्तर व्हावे, असा सरळ हिशेब होता. मी तो मानला. आज मुंबईत १९९९पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव आहे, कोचीच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या जोडीने २०१४पासून कलाशाळांतील विद्यार्थ्यांसाठी वेगळे प्रदर्शन होते, आणि २०१६पासून डिसेंबरात पणजीतही मोठा कला महोत्सव भरू लागला आहे. छोट्या शहरांतील प्रदर्शने तर मोजण्यापलीकडची आहेत. ज्याच्याकडे कॅनव्हास आणि तैलरंगांना पैसे नाहीत, पण डोळा आणि हात आहे, अशा मुलाला भंगारातून पक्षी उभा करून हजारो लोकांसमोर ठेवता येतो, ही गोष्ट माझ्या पिढीला हेवा वाटावा अशीच आहे.

या वाटेवरचे आपल्या देशातले थोर पूर्वज म्हणजे चंडीगडचे नेकचंद. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या या माणसाने १९५७च्या सुमारास, नव्या शहरासाठी उठवलेल्या गावांच्या पडझडीतून आणि शहराच्या उकिरड्यांवरून फुटक्या कपबशा, बांगड्यांचे तुकडे, मोडके बेसिन, दगड-गोटे असे सायकलवरून वाहून नेले आणि सरकारी राखीव जंगलात कोणालाही न सांगता त्यांतून घडवलेल्या मूर्तींचे आपले एक राज्य वसवले. सरकारला त्याचा पत्ता लागला तो सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. अतिक्रमण म्हणून ते पाडण्याऐवजी १९७६मध्ये ते लोकांसाठी खुले करण्यात आले, नेकचंदांना पगार आणि मदतीला मजूर देण्यात आले आणि १९८४मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. २०१५मध्ये ते गेले. बांगड्यांच्या काचांनी मढवलेल्या त्यांच्या मूर्ती आणि प्राण्या-पक्ष्यांचे कळप आजही उभे आहेत. हे काम टिकले याची दोन कारणे मला दिसतात. काच आणि चिनी माती यांचे ऊन-पावसात काही बिघडत नाही, हे पहिले. दुसरे असे की त्यांनी उचलले ते कोणालाही नको असलेले होते. फुटकी बशी कोणता भंगारवाला विकत घेणार? आजच्या बहुतेक मांडणशिल्पांना ही दोन्ही कारणे लागू पडत नाहीत.

आता खोप्याकडे येतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या शेताला लागून एक जुनी विहीर आहे आणि तिच्यावर वाकलेल्या बाभळीला दर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकतात. आपण म्हणतो सुगरण, पण विणकाम करतो नर. तो उसाच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, टोक धरतो आणि सरळ उडतो. त्याच्या उडण्याच्या जोरानेच पाते सोलले जाऊन हातभर लांबीची चिरी निघते. आधी लोंबत्या फांदीला गाठी मारून कडे तयार होते, मग कड्याभोवती उलट्या टोपीसारखा अर्धा खोपा. या टप्प्यावर मादी येऊन पाहणी करते. तिला पसंत पडला तरच पुढची अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी होते, नाहीतर ती टोपी तशीच वाऱ्यावर राहते. या मुलाने दोन पावसाळे विहिरीच्या काठावर बसून हे पाहिले, वहीत गाठींची चित्रे काढली आणि मग ठरवले की असा खोपा सात फुटांचा करायचा, आणि तो करायचा फ्लेक्सचा.

फ्लेक्स त्याने मुद्दाम निवडला. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेले हे कापड रद्दीत जात नाही आणि भंगारातही त्याला किंमत येत नाही. वाढदिवस आणि नियुक्त्या यांच्या कृपेने त्याचा पुरवठा मात्र आपल्याकडे अखंड असतो. तरी एक अडचण निघाली : धड फलकाला गावात मागणी असते, कारण पावसाळ्यात तोच कोणाच्या छपरावर आणि कोणाच्या कडब्याच्या गंजीवर जातो. म्हणून त्याने धड फलकांना हात लावला नाही. खांबावर लटकून फाटलेले आणि कडेने कातरून टाकलेले तुकडेच गोळा केले. त्यांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि विणायला बसला. पहिली तीन कडी सुटली. गवत वाळते तशी त्याची गाठ आवळत जाते; फ्लेक्स वाळतही नाही आणि आवळतही नाही, उलट घसरतो. शेवटी गावातल्या बाज विणणाऱ्या एका म्हाताऱ्याने त्याला दुहेरी फास शिकवला आणि काम पुढे सरकले. डिंक, खिळा, तार यांपैकी काहीही न वापरता तो खोपा पूर्ण झाला. दहा पावलांवरून तो थेट सुगरणीचाच वाटे. जवळ गेले की एखाद्या पट्टीवर कोणाचा अर्धा डोळा दिसे, दुसरीवर दातांची ओळ, तिसरीवर ‘हार्दिक शु’ आणि कितीतरी पट्ट्यांवर ‘भावी’ एवढाच शब्द. लोक हसत, मग वर पाहत आणि गप्प होत. मी त्या मुलाला इंटरमिजिएटला ‘बी’ श्रेणी मिळाल्याबद्दल रागावलो होतो, ते आठवून मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

हा खोपा एका शहरातील पर्यावरणविषयक प्रदर्शनात चार दिवस टांगला होता. पाचव्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता तो स्वखर्चाने ठरवलेला टेम्पो घेऊन मैदानावर पोहोचला तेव्हा चौकटीला फक्त कापलेली दोरी लोंबत होती. खोपा कोपऱ्यातल्या ढिगात होता. त्याच्यावर सत्काराचे हार, कागदी ताटल्या आणि उरलेली मिसळ. मैदान सात वाजेपर्यंत मोकळे करून द्यायचे होते, असे आयोजकांच्या माणसाने सांगितले, आणि वर म्हणाला, “शेवटी कचऱ्याचंच तर होतं ना?” त्या माणसावर माझा राग नाही. त्याने नकळत या सगळ्या प्रकाराचे वर्म सांगितले. चार दिवस आपण ज्याला कलाकृती म्हणतो, ती पाचव्या दिवशी पुन्हा कचरा होते. फरक एवढाच की आता ती आधीपेक्षा वाईट कचरा झालेली असते.

वाईट का, ते सांगतो. पाण्याची रिकामी बाटली हे उत्तम भंगार आहे. कचरा वेचणारी बाई ती उचलते, टोपण वेगळे करते, कारण टोपणाचे प्लास्टिक वेगळे असते, आणि किलोवर विकते. पुढे तिचे बारीक तुकडे होऊन, धुऊन, वितळवून त्याचा धागा निघतो, आणि तो उशांच्या भरणापासून गालिच्यापर्यंत कशातही जातो. याच बाटलीला आपण निळा स्प्रे मारला, एम-सीलने लोखंडी सांगाड्याला चिकटवली, वरून चकाकी यावी म्हणून रेझिनचा हात दिला, की तिला कोणी भंगारवाला दारात उभे करत नाही. म्हणजे ज्या वस्तूला पुढचा जन्म मिळणारच होता तिची वाट कलेने बंद केली, आणि सागर वाचवा असा संदेश देणारा देवमासा थेट कचरा डेपोत गेला. घाई असली की याहून वाईट घडते. बाटल्या पुरेशा मिळाल्या नाहीत म्हणून भंगाराच्या दुकानातून पोत्याने विकत आणलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि एका ठिकाणी तर नव्या कोऱ्या कागदी पेल्यांचे अख्खे झाड उभे होते. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचे अस्तर असते, हे त्या झाडाखाली भाषण करणाऱ्या पाहुण्यांना बहुधा ठाऊक नसावे.

काही कलाकृती मात्र फेकल्या जात नाहीत. त्या चौकात किंवा उद्यानात कायमच्या बसवल्या जातात, नामफलक लागतो, फीत कापली जाते. लोखंडाच्या बाबतीत हे मला मान्य आहे. दिल्लीत २०१९मध्ये सुमारे दीडशे टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींचे उद्यान उभे राहिले. आयफेल टॉवरची नक्कल करण्यात कोणती कला आहे हा वाद बाजूला ठेवला, तरी ते लोखंड उद्या गंजले किंवा कंटाळा आला तर भट्टीत जाऊ शकते. प्लास्टिकचे तसे नाही. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन उन्हाळे काढले की ते ठिसूळ होते, बोट लावले तरी त्याचा चुरा पडतो, आणि पहिल्या वळवाबरोबर हा चुरा गटारात आणि तिथून नदीत जातो. बाटल्यांच्या ज्या झाडाखाली मुलांना पर्यावरणाचे महत्त्व सांगितले जाते, ते झाड स्वतःच पानगळ करत असते, आणि ती पाने कुजत नाहीत. म्हणून ‘टिकाऊ’ या शब्दाला माझी हरकत आहे. प्लास्टिकचा टिकाऊपणा हेच तर मूळ दुखणे आहे. कलाकृतीत त्याचा गौरव कशाला?

मग करावे काय, असे विचारले तर उत्तर जगात आधीच सापडलेले आहे. घानात जन्मलेले आणि आयुष्यातील बराच काळ नायजेरियात काम केलेले एल अनात्सुई हे शिल्पकार दारूच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे चेपून, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून भिंतभर पसरणारी वस्त्रे तयार करतात. लांबून ती जरीच्या शालूसारखी झळकतात. ती घडी घालून पेटीत जातात, आणि पुन्हा टांगताना प्रत्येक ठिकाणी त्यांची चूण वेगळी पडते. ती कशी पाडायची याची मुभा मांडणाऱ्यांना असते. या कामासाठी २०१५मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील एरुब बेटावरचे कलाकार समुद्रात सोडून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांतून कासवे आणि मासे विणतात. आपल्या कोकण किनाऱ्यालाही नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे सतत लागत असतात, त्यांत कासवे अडकतात, आणि वेळासला तर कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक मुद्दाम जातात. असे असताना आपल्या प्रदर्शनांतले कासव बाटल्यांचे का असावे? ज्या जाळ्याने त्याचा गळा आवळला त्याच जाळ्याचे ते असेल, तर खाली संदेशाची पाटी लावण्याचीही गरज उरणार नाही.

आणि इतके दूर जायलाही नको. बोहारणीला जुने कपडे देऊन स्टीलचे पातेले घेणारी आणि जे कपडे तीही नाकारेल त्यांची गोधडी शिवणारी ही आपलीच घरे आहेत. गोधडी उसवता येते. माझ्या आईने एका गोधडीचे अस्तर तीनदा बदलल्याचे मला आठवते. दिवाळीत आमच्या गल्लीतली पोरे किल्ला करतात तेव्हा फुटक्या विटा, गोणपाट, दगड आणि माती हेच साहित्य असते, वर हळीव किंवा मोहरी पेरून चार दिवसांत डोंगर हिरवा होतो, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो किल्ला पुन्हा अंगणात मिसळून जातो. याला कोणी मांडणशिल्प म्हणत नाही, पण त्याचे साहित्य कुठून आले आणि कुठे गेले याचा हिशेब आजच्या कित्येक मांडणशिल्पांपेक्षा चोख असतो. २०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखरांचे काय होणार म्हणून केवढा आक्रोश झाला होता. पण कारागिरांनी पुठ्ठ्याची, घडीची, खाचेत खाच बसवायची मखरे करून दाखवलीच. अडवले की हात नवी वाट शोधतो, हा माझा वर्गातलाही अनुभव आहे.

जे लोक हे साहित्य रोज हाताळतात त्यांचा सल्ला घेतला तर बरेच काही सोपे होईल. पुण्यात १९९३पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना काम करते, आणि तिच्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. कोणती पिशवी विकली जाते, कोणती नाही, चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टणे का कोणी उचलत नाही, चपलेचा तळ, छत्रीचे कापड, जुना फ्लेक्स यांचे काय होते, हे या बायकांना हाताच्या स्पर्शावरून कळते. तरुण कलाकाराने त्यांच्याबरोबर एक सकाळ काढावी आणि ज्याला बाजारात किंमत नाही तेच उचलावे. शिवाय कलाकृतीच्या पाटीवर जिथे प्रायोजकाची पाच बोधचिन्हे मावतात, तिथे साहित्य कोणी वेचून दिले त्यांचे नाव मावायला हरकत नसावी, आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा.

मात्र सगळा भार कलाकारावर टाकणे अन्यायाचे होईल. त्याला बोलावणारे आयोजक, महापालिका आणि प्रायोजक कंपन्या अर्जात विचारतात ते एवढेच : कलाकृती कशाची आहे, उंची किती, वीज लागेल का. तिथे आणखी एक रकाना हवा, की प्रदर्शन संपल्यावर तिचे काय होणार, ती सुटी कशी करायची आणि प्रत्येक भाग कुठे जाणार. ज्याला हे सांगता येत नाही त्याचा अर्ज बाजूला ठेवावा, मग तो कितीही मोठ्या नावाचा असो. आणि हे विचारण्याचा अधिकार हवा असेल तर खर्चही उचलावा. आज बहुतेक ठिकाणी नवोदितांना मिळते ते प्रमाणपत्र आणि ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह, तेही नव्या प्लास्टिकचे. येण्याजाण्याचा टेम्पो, राहणे-खाणे, मदतनीस हे सारे त्याच्या खिशातून. मंडप उतरवणाऱ्या माणसाला पैसे देताना कोणी कुरकुर करत नाही. कलाकृती उतरवण्यासाठी एक पूर्ण दिवस आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत, एवढीच ही मागणी आहे. शंभराहून अधिक लोकांच्या कार्यक्रमात कचरा जागेवरच वेगळा करण्याची अपेक्षा २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत नमूद झाली होती. पर्यावरणाच्या नावाने भरणाऱ्या प्रदर्शनांनी तरी ती पाळून दाखवावी.

आपल्याकडेही एक विनंती आहे. या हंगामात अशा एखाद्या महोत्सवाचे छायाचित्र छापाल तेव्हा त्याच छायाचित्रकाराला, महोत्सव संपल्यानंतर आठ दिवसांनी, त्याच जागी आणि त्या कलाकाराच्या घरी पुन्हा पाठवावे आणि जे दिसेल ते छापावे. शक्य झाल्यास त्याच पानावर आणि तेवढ्याच आकारात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त कलाशिक्षक, सातारा

ता. क. : खोप्याचे पुढे काय झाले ते लिहायचे राहिले. त्या मुलाने तो ढिगातून ओढून काढला, टेम्पोत घातला आणि घरी नेऊन विहिरीवर धुतला. चिकटवलेले काहीच नसल्यामुळे एका दुपारी सगळा सुटला. थोड्या पट्ट्या पुढच्या कामासाठी ठेवून बाकीच्यांची त्याने एक बाज विणली आणि ज्या म्हाताऱ्याने त्याला फास शिकवला त्याच्या दारात नेऊन टाकली. परवा मी तिच्यावर बसून चहा घेतला. पायथ्याच्या बाजूला ‘भावी’ अजून स्पष्ट वाचता येते.